एक मार्च की तीन जानेवारी

ज्योतीराम मांडेकर चाकणचे, पण त्यांचं शिक्षण उर्दूत झालं होतं. ते चार वर्षांचे असताना वडील गेले. आई त्यांना घेऊन आपल्या भावाकडे, गेवराईजवळच्या खेड्यात राहायला गेली. तो मुलूख निजामाचा. घरात मराठी आणि शाळेत अलिफ-बे, असं सातवीपर्यंत चाललं. मराठी त्यांनी आईकडून आणि मामाच्या पोथ्यांवरून पक्कं केलं.

उर्दू शिकताना त्यांना अक्षरांपेक्षा आकड्यांनी जास्त रडवलं, असं ते सांगत. अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात. आकडा मात्र आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे लिहायचा. म्हणजे ओळीत तीनशे पंचवीस लिहायची वेळ आली, की हात उचलायचा, पुढे डाव्या अंगाला तीन आकड्यांपुरती जागा सोडायची, तिथून तीन, दोन, पाच असं मागे उजवीकडे येत लिहायचं आणि मग परत उडी मारून पलीकडून अक्षरं सुरू करायची. जागेचा अंदाज चुकला की आकडे अक्षरांवर चढत आणि मौलवी मास्तर बोटांवर पट्टी मारत. त्यात शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि पाच दिसतो आपल्या शून्यासारखा. वर्षभरात ज्योतीरामांचा हात असा बसला, की मास्तर त्यांची पाटी बाकीच्यांना दाखवू लागले.

बाविसाव्या वर्षी ते चाकणला परत आले. चुलत्यांनी चार एकर रान वाट्याला दिलं, लग्न लावून दिलं. बायको गवराबाई कुरुळीची. इथं त्यांच्या उर्दूला कोण विचारणार? पण अक्षर मोत्यासारखं, म्हणून एका सरकारी कचेरीत नकलनवीस म्हणून चिकटले. कागदांच्या नकला करायच्या, सही-शिक्क्यासाठी पुढे सरकवायच्या, एवढंच काम. दहा-बारा वर्षं त्यांनी ते मान खाली घालून केलं. कचेरीत त्यांची ओळख म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला माणूस.

फाळणीनंतर कचेरीत उर्दू कागद येऊ लागले आणि मांडेकरांना एकदम किंमत आली. हेडक्लार्क नानासाहेब, जे पूर्वी त्यांना ‘अहो नकलनवीस’ म्हणून हाक मारत, ते आता ‘मांडेकर, जरा बसा’ म्हणू लागले. उर्दू कागदाचं मराठी करायचं आणि खाली ‘तरजुमा बरोबर आहे’ असं लिहून सही करायची. त्या सहीवर पुढचं सगळं चाले. मुसलमान वस्तीतल्या कुणाला वाचायला बोलवावं, तर तो त्यांच्यातलाच, त्याचं कसं धरायचं, असा कचेरीचा हिशेब. त्यामुळं मांडेकर म्हणतील तेच खरं.

ज्योतीरामांच्याच गल्लीत बाबुलाल शिकलगाराचं घर होतं. पुढे भाता आणि ऐरण, मागे दोन खोल्या. विळे, खुरपी, अडकित्ते, सगळ्या गावाची धार बाबुलालच्या हाताखालून जायची. त्याची बायको हलिमाबी. गवराबाईच्या दुसऱ्या बाळंतपणात सुईण वेळेवर आली नाही, तेव्हा हलिमाबीनं पदर खोचून सगळं केलं होतं. तेव्हापासून ती ज्योतीरामांना भाऊ म्हणायची.

सेहेचाळीसच्या हिवाळ्यात बाबुलालच्या चुलतभावानं त्याला कराचीला बोलावून घेतलं. बंदरातल्या कारखान्यात कारागीर हवे होते. तेव्हा कराचीला जाणं म्हणजे मुंबईहून बोटीत बसणं. परवाना नाही, काही नाही. वर्षभर काम करून येतो, असं सांगून तो गेला. चार पत्रं आली. मशिदीजवळ राहणारे काझी ती हलिमाबीला वाचून दाखवत. मग देशाचे दोन तुकडे झाले, येण्या-जाण्याचे रस्ते आवळत गेले, आणि अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात चुलतभावाचं पत्र आलं, की बाबुलाल मुदतीच्या तापात गेला. हलिमाबीनं ऐरणीवर गोणपाट टाकलं आणि लेक नूरजहाँला घेऊन ती लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली.

एकावन्न साली कुणीतरी निनावी अर्ज केला, की बाबुलाल शिकलगार पाकिस्तानात गेला, त्याचं घर सरकारनं ताब्यात घ्यावं. तसा कायदा होता. त्या कायद्यात तारीख ठरलेली होती, एक मार्च एकोणीसशे सत्तेचाळीस. त्या दिवशी किंवा त्याच्यानंतर जो तिकडे गेला, त्याची मालमत्ता सरकारकडे. त्याच्या आधी गेला असेल तर प्रश्न नाही.

नोटीस आली तेव्हा हलिमाबी काझींकडे गेली. काझींनी तिच्याकडच्या पत्रांतलं पहिलंच बाजूला काढलं, बाकीची उघडलीही नाहीत.

“हे पुरे आहे,” ते म्हणाले. “आज कराचीला पोचलो, असं त्यानं लिहिलंय, आणि वर तारीख आहे. तीन जानेवारी सत्तेचाळीस. हे कचेरीत दे.”

पाकीट नव्हतं. असतं तर टपालाच्या शिक्क्यावरून सगळं मिटलं असतं, पण पाकीट तिनं कधीच चूल पेटवायला वापरलं होतं. तिनं ते पत्र पदरात गुंडाळून कचेरीत नेऊन दिलं. देताना ज्योतीराम टेबलाशी दिसले, तेव्हा तिचा जीव हलका झाला. आपला माणूस बसलाय तिथं, असं ती घरी येऊन लेकीला म्हणाली.

पत्र ज्योतीरामांपुढे आलं. पाच-सहा ओळींचं, बाबुलालच्या वाकड्यातिकड्या हाताचं. आज खैरियतनं पोचलो, भाईच्या घरी उतरलो, कामावर उद्यापासून जाणार, पोरीला संभाळ. वरच्या कोपऱ्यात तारीख. डावीकडे एक, म्हणजे नुसती उभी काठी. मधे तिरकी रेघ. उजवीकडे तीन, वर दोन दाते असलेला. खाली लांब ओढलेला ‘सन’ आणि त्याच्यावर एकोणीसशे सत्तेचाळीस.

ज्योतीरामांनी टाक उचलला आणि तसाच धरून ठेवला.

आकडा डावीकडून वाचायचा, हे बरोबर. पण इथं एक आणि तीन हे दोन वेगळे आकडे शेजारी होते. त्यातला आधीचा कुठला? ओळ उजवीकडून येते असं धरलं, तर उजवीकडचा तीन आधी. तीन तारीख, पहिला महिना. पण निजामाच्या तहसिलीतले कारकून इंग्रजी वळणानं सबंध तारीखच डावीकडून लिहीत. तसं धरलं, तर एक तारीख, तिसरा महिना. ज्योतीरामांनी लहानपणी दोन्ही रीती पाहिल्या होत्या. आणि या दोन रीतींमध्ये हलिमाबीचं घर उभं होतं.

ते उठून नानासाहेबांकडे गेले.

“साहेब, ही तारीख दोन तऱ्हांनी वाचता येते.”

नानासाहेबांनी कागदाकडे बघितलंही नाही. “तारीख एकच असते, मांडेकर. माणूस दोन वेगळ्या दिवशी पोचत नाही. काय असेल ते लिहा.”

“पण शंका आहे असं लिहिलं तर?”

“शंका लिहायला तुम्हाला ठेवलंय का?” नानासाहेबांनी आवाज खाली घेतला. “आणि ती बाई तुमची शेजारीण ना? मग जपून. उद्या कुणी म्हणायला नको, की मांडेकरांनी शेजारधर्म पाळला.”

हे वाक्य ज्योतीरामांच्या मनात घुसलं. ते जागेवर येऊन बसले. आपल्याला हलिमाबीचं घर वाचावं असं वाटतंय, म्हणूनच आपल्याला जानेवारी दिसतेय, असं त्यांना वाटू लागलं. तिच्या बाजूचं वाचणं म्हणजे पक्षपात आणि तिच्या विरुद्धचं वाचणं म्हणजे सचोटी, असा काहीतरी उलटा न्याय त्यांनी त्या घटकेला आपल्याशी केला. त्यांनी लिहिलं, ‘दिनांक १ मार्च १९४७’. खाली नेहमीचं वाक्य लिहिलं आणि सही केली.

बाबुलाल शिकलगार एका दिवसानं कायद्यात सापडला.

हुकूम निघाला तेव्हा काझी स्वतः कचेरीच्या आवारात आले. उन्हातून आल्यानं त्यांना धाप लागली होती.

“मांडेकर, तुम्ही हे कसं वाचलंत?”

“आकडे डावीकडून वाचतात, काझीसाहेब. पहिल्या यत्तेत शिकवतात.”

“आकडा डावीकडून. कबूल. पण दिवस आणि महिना हे दोन आकडे झाले. ते ओळीच्या चालीनं येणार. हे तुम्हाला मी सांगायचं?”

आवारात दहा-बारा माणसं उभी होती. ज्योतीरामांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “कागदावर जे आहे ते मी लिहिलं.”

काझी परत फिरले, भर उन्हात काखेतली छत्रीसुद्धा न उघडता.

घराला कुलूप लावायला शिपाई आले, तो शनिवार होता. बाजाराचा दिवस. कांद्याच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या आणि गाडीवाले थांबून बघत होते. हलिमाबीला अंथरूण, भांडी आणि धान्याचं मडकं नेऊ दिलं. एक पत्र्याची पेटी होती, तिला हात लावू दिला नाही.

“त्यात त्येंची पत्रं हायेत,” ती शिपायाला म्हणाली. “दुसरं काय बी न्हाई. उघडून बघा.”

“यादी झाल्याबिगर पेटी हलायची न्हाई,” शिपाई म्हणाला.

तिनं गल्लीत बघितलं. ज्योतीराम आपल्या दारात उभे होते.

“भाऊ, सांगा की यास्नी. तुमी कचेरीतलं हाय.”

ज्योतीराम म्हणाले, “नियम आहे, हलिमाबी.” आणि ते घरात गेले. कुलपावर लाख वितळवल्याचा वास गल्लीभर पसरला होता. गवराबाई चुलीपुढून उठल्या, त्यांच्याकडे न बघता बाहेर गेल्या, आणि हलिमाबीचं धान्याचं मडकं आपल्या डोक्यावर घेऊन वेशीपर्यंत चालत गेल्या.

हलिमाबी लेकीला घेऊन पिंपरीला गेली. तिथं माळावर एका मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं आणि बाया-माणसं घेत होते. अपिलाला मुदत होती, पण अपील म्हणजे काय हे तिला समजावणार कोण? काझींनी एक अर्ज लिहून दिला. बाकीची पत्रं कुलपाआड पेटीत होती, त्यामुळं तो पुराव्याअभावी परत आला.

त्यानंतर ज्योतीरामांचं खाणं कमी झालं. कचेरीत काम करता करता ते टीपकागदाच्या कडेला बोटानं काहीतरी गिरवत बसायचे. शेजारच्या कारकुनानं एकदा बघितलं, तर एक आणि तीन, एक आणि तीन, असंच सगळीकडे. घरी गवराबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. पुढं कळलं, की नूरजहाँची सोयरीक जुन्नरकडे ठरत आली होती ती मोडली, आणि पोरीला सोलापूरला एका बिजवराच्या घरी दिलं. ही बातमी गवराबाईंनी बाजारात ऐकली. घरी येऊन त्यांनी ती सांगितली आणि म्हणाल्या, “पोरीला दारात मांडव बी न्हाई मिळाला. दारच न्हाई तर मांडव कुठं घालायचा.” ज्योतीराम ताटावरून उठले.

बावन्नच्या दिवाळीनंतर कचेरीनं ते घर उघडायचं ठरवलं. आत काय आहे त्याची यादी करून घर दुसऱ्या कुणाला द्यायचं होतं. यादी करायला मांडेकरांना पाठवलं, कारण अक्षर चांगलं.

आत धुळीचा थर होता. एका बाजूचं छप्पर बसलं होतं आणि पावसाचं पाणी भात्यावर पडून चामडं कुजलं होतं. ज्योतीरामांनी लिहिलं: भाता एक, ऐरण एक, सांडशी दोन, घण एक. मग शिपायानं पेटी उघडली. एक जुनी शेरवानी, नूरजहाँचं लहानपणचं झबलं आणि फडक्यात बांधलेली तीन पत्रं.

ज्योतीरामांनी वरचं उलगडलं. तोच हात. वरच्या कोपऱ्यात तारीख. डावीकडे दोन. मधे तीच तिरकी रेघ. उजवीकडे सत्तावीस. खाली तोच लांब ‘सन’ आणि एकोणीसशे सत्तेचाळीस.

ते जमिनीवरच बसले. डावीकडून वाचलं तर दोन तारीख, सत्ताविसावा महिना. सत्ताविसावा महिना कुठल्याच वर्षात नसतो. म्हणजे बाबुलाल दिवस उजवीकडे लिहायचा आणि महिना डावीकडे. हे सत्तावीस फेब्रुवारीचं पत्र होतं. आणि ते कराचीहूनच आलं होतं, कामाला लागून दोन महिने होत आले असं त्यात लिहिलेलं होतं. एक मार्चच्या आधी दोन महिने तो तिथं होता. काझींनी सांगितलं होतं तेच खरं होतं, तीन जानेवारी.

“काय झालं, मांडेकर?” शिपाई म्हणाला. “पाणी आणू का?”

ते पत्र घेऊन ते नानासाहेबांकडे गेले. नानासाहेबांनी या वेळी कागद नीट बघितला. त्यांना उर्दू येत नव्हतं, पण ज्योतीरामांनी समजावल्यावर दोन आणि सत्तावीस त्यांना समजले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बसा. हे बघा, मुदत संपून गेलीय. आता तुम्ही लिहून दिलंत, की माझा तरजुमा चुकला, तर पहिला प्रश्न येईल, तेव्हा का चुकला? कुणाकडून काही घेऊन चुकला का? आणि आजच बरोबर कसा झाला, आज कुणी काही दिलं का? दोन्हीकडून तुम्हीच अडकणार. नोकरी जाईल.”

“मग काय करू?”

“यादीत लिहा, जुने खासगी कागद, तीन. बस्स. खोटं काय आहे त्यात?”

खोटं काहीच नव्हतं. ज्योतीरामांनी तसं लिहिलंसुद्धा. शाई वाळली. यादी दोन दिवस त्यांच्या टेबलावर पडून राहिली आणि ते ती पुढे सरकवेनात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गवराबाईंना सगळं सांगितलं. आधी शंका आली होती, तेही सांगितलं. नानासाहेब काय म्हणाले, आवारात काझींना आपण काय म्हणालो, तेही. गवराबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

“नोकरी गेली तर रान हाय,” त्या म्हणाल्या. “आमी आधीबी रानातच व्हतो. पण ह्ये असं बसून राहायचं असंल, तर मी माझ्या भावाकडं जाते.”

त्या दिवशी ज्योतीरामांनी दोन पानी निवेदन लिहिलं. ओळ कशी चालते, आकडा कसा चालतो, तारखेत दोन्ही एकत्र आले की घोटाळा कुठे होतो, हे सगळं त्यांनी उलगडून मांडलं. दोन्ही पत्रांवरच्या तारखा जशाच्या तशा उतरवून काढल्या. शेवटी लिहिलं, की मला त्या वेळी शंका आली होती आणि ती मी लिहिली नाही. हे शेवटचं वाक्य गाळा, असं नानासाहेब दोनदा म्हणाले. ज्योतीरामांनी ते ठेवलं. आठ दिवसांत त्यांना कामावरून दूर केल्याचा कागद मिळाला.

पण नुसत्या निवेदनानं घर सुटणार नव्हतं. अर्ज हलिमाबीच्या अंगठ्यानं जायला हवा होता. तेव्हा ते एसटीनं भोसरीपर्यंत गेले आणि तिथून पिंपरीच्या माळापर्यंत चालत. माळावर चुन्याची धूळ उडत होती. परातीतला कालवलेला चुना डोक्यावर घेऊन बायांची रांग फळीवरून वर चालली होती. त्यांनी मुकादमाला नाव सांगितलं. हलिमाबी खाली आली. ती वाळून गेली होती, आणि चुन्यानं हात फाटले होते. ज्योतीरामांना बघून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“गवराबाई बरी हाय न्हवं?” तिनं आधी विचारलं.

“बरी आहे.” मग त्यांनी एका दमात सांगितलं. पेटी उघडली, पत्र सापडलं, तारीख काय होती, आपण कसं चुकलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजी काझीसाहेब बरोबर व्हते.”

“हो.”

“आन तुमास्नी तवा ठावं नव्हतं?”

इथं ‘नव्हतं’ म्हणता आलं असतं. ती विश्वास ठेवायला तयार होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

“शंका आली होती,” ज्योतीराम म्हणाले. “दोन्ही तऱ्हांनी वाचता येतं, हे मला कळलं होतं. मी लिहिलं नाही. लोक म्हणतील शेजारणीची बाजू घेतली, म्हणून भ्यालो.”

हलिमाबीनं फळीवरून चढणाऱ्या बायांकडे नजर वळवली.

“म्या तुमाला भाऊ म्हनायची,” ती म्हणाली. “परक्यानं केलं असतं तर त्येला मी शिव्या दिल्या असत्या. तुमाला काय देऊ? माजी पोर सोलापूरला त्या म्हाताऱ्याची भांडी घासती. तिची तारीख बी बदलून देनार काय?”

ज्योतीरामांनी पिशवीतून अर्ज काढला आणि शाईची डबी पुढे धरली. तिनं डाव्या हाताचा अंगठा पदराला पुसला. चुन्यानं अंगठ्याच्या रेघा इतक्या झिजल्या होत्या, की पहिल्यांदा ठसा नीट उठेना. तिसऱ्या खेपेला उठला. मग ती परात उचलून गेली. तिनं मागे वळून बघितलं नाही, आणि ज्योतीरामही ती फळी चढून दिसेनाशी होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

पुण्यात सुनावणी व्हायला वर्ष गेलं. तीन वेळा तारीख पडली आणि तीनही वेळा ज्योतीराम सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत आले. चौथ्या वेळी काझीही आले होते. त्या दिवशी बसलेले अधिकारी तरुण होते. त्यांनी ज्योतीरामांना एक कोरा कागद पुढे दिला आणि म्हणाले, “लिहून दाखवा.”

ज्योतीरामांनी उर्दूत एक ओळ लिहिली आणि मधे तारीख घातली. हात उचलून, जागा सोडून, मागे येत आणि पुन्हा पुढे जात. अधिकारी टेबलावर वाकून बघत होते.

“म्हणजे हात दोन्हीकडे चालतो,” ते म्हणाले.

“हो साहेब. वाचणाऱ्याचा डोळा त्याच्याबरोबर फिरला नाही, तर दिवसाचा महिना होतो.”

“मग तुमचा डोळा का फिरला नाही?”

“फिरला होता साहेब. मीच थांबवला.”

काझींकडे त्यांनी साक्ष देण्याआधी आणि दिल्यावरही बघितलं नाही. काझींनी आपलं म्हणणं चार वाक्यांत सांगितलं आणि ते दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी चाकणला परतले.

चोपन्नच्या सुरुवातीला हुकूम आला. घर सोडावं. सत्तावीस फेब्रुवारीच्या पत्रावर सगळं ठरलं होतं. अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं, की त्या दिवशी माणूस कराचीत कामावर होता हे सिद्ध झाल्यावर पहिल्या पत्राची तारीख कशीही वाचली तरी फरक पडत नाही.

हलिमाबी एका रविवारी आली. कुलूप काढलं. छप्पर आता दोन्ही बाजूंनी बसलं होतं. ऐरण जागेवर नव्हती. यादीत होती, घरात नव्हती, आणि कुणी नेली हे कुणालाच माहीत नव्हतं. ती ऐरणीच्या जागी, जमिनीत रुतलेल्या लाकडी ठोकळ्यावर बसली. गवराबाई भाकरी घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. ज्योतीराम दाराबाहेर उभे होते.

“आत या,” हलिमाबी म्हणाली. पेटी तिच्या पायाशी होती. तिनं फडकं सोडलं आणि पत्रं त्यांच्या हातात दिली. “तुमी तारीख तेवढी वाचली. खालचं मला कुनी दोन वर्सांत वाचून दावलं न्हाई. वाचा.”

त्यांनी वाचलं. सत्तावीस फेब्रुवारीच्या पत्रात बाबुलालनं लिहिलं होतं, की इथं समुद्राचं पाणी लोखंडाला लगेच गंज आणतं, रोज हत्यारांना तेल द्यावं लागतं. नूरजहाँला अभ्यासाला बसव. पावसाच्या आधी छपराची कौलं बघून घे, मी आलो की नवी घालू. वाचताना ज्योतीरामांचा आवाज दोनदा थांबला. हलिमाबीनं दोन्ही वेळा पुढचं वाक्य तोंडपाठ म्हटलं आणि त्यांना मार्गाला लावलं.

ती चाकणला राहायला आली नाही. “तिकडं पिंपरीला मला कुनी पाकिस्तानवाली म्हनत न्हाई,” एवढंच तिनं गवराबाईला सांगितलं. छप्पर तिनं दुरुस्त करून घेतलं आणि घर एका लोहाराला राहायला दिलं. सणावाराला ती यायची आणि मांडेकरांच्या ओसरीवर गवराबाईशी बोलत बसायची. ज्योतीरामांशीही बोलायची, पाऊस कसा आहे, कांदा कसा आला, असं. भाऊ मात्र तिनं पुन्हा म्हटलं नाही.

ज्योतीराम चार एकरांतच राहिले. पुढं पिंपरीच्या निर्वासित छावणीतली सिंधी माणसं आपले कागद घेऊन त्यांच्याकडे येऊ लागली. ती लिपी थोडी वेगळी, भाषा वेगळी, पण आकडे जवळपास तेच. ज्योतीराम कागद वाचून देत. तारीख आली की ते कागद खाली ठेवत आणि समोरच्याला विचारत, “हे लिहिलं तेव्हा उन्हाळा होता की थंडी? घरात कुणाला आठवतंय का?” माणसं वैतागत. लिहिलेलं समोर असताना हा म्हातारा ऋतू काय विचारतो, असं त्यांना वाटे. कुणाला आठवत नसलं, तर ते दोन्ही तारखा लिहून देत आणि मधे ‘किंवा’ घालत. कचेऱ्यांतून असे कागद बहुतेक वेळा परत यायचे. तरी त्यांनी तसं लिहिणं सोडलं नाही.